जुन्या चर्चाचे नाट्यगृह जाहले आणि कोंसूबाईंचे लग्न लागले, त्याची हकीकत

श्री. वर आभाळ, पुढे दर्या, मध्ये खरेखोटे जाणणारा तो एक. त्यास स्मरोन लिहिणे ऐसे जे, शके १९४०, विलंबीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, दर्याकाठच्या राज्यात, जुन्या चर्चामध्ये, कोंसूबाई डाबरे यांचे लग्न जुजे तुस्कानो यांसी लागले की न लागले, या बाबे गावात दोन तट पडले, आणि जो तो आपलेच खरे म्हणो लागला, आणि मग पुढील पिढीस कोणी भलतेच सांगेल ऐसे भय उपजले, सबब जैसे घडले तैसे लिहिले आहे. लिहिण्याची आज्ञा कोणी केली नाही. आज्ञेची वाट पाहात बसावे तर या राज्यात काय काय व्हावयाचे राहते, हे सर्वांस ठाऊकच आहे.

प्रथम त्या वास्तूची मूळ पीठिका. मध्ययुगी टोपीवाले जहाजांतून उतरले, आणि त्यांनी दर्या पाहिला, माड पाहिले, आणि येथेच राहावे ऐसे मनात आणिले, आणि राहावयाचे तर देवासही घर पाहिजे म्हणोन चुना, शिंपले आणि गूळ कालवोन भिंती उभारिल्या, आणि आत कोरीव वेदी केली, गाणाऱ्यांसाठी उंच सज्जा केला, आणि पापे सांगावयासी भिंतीलगत एक लाकडी खोपटे करोन त्यास जाळीची खिडकी ठेविली. गावच्या लोकांनी तेथे बाप्तिस्मे घेतले, लग्ने केली, मेले, पुरले गेले, सर्व यथास्थित चालिले. मग दुसरे राज्य आले. त्यांनी मोठी लढाई करोन जय मिळविला, आणि जिंकिलेल्या इमारतीचे करावे काय हे न सुचोन तीत दारूगोळा ठेविला. मग तिसरे राज्य आले, त्यांसही न सुचोन त्यांनी मीठ ठेविले, आणि मिठाने भिंती पोखरल्या, आणि छप्पर दर पावसाळ्यास थोडे थोडे खाली येत एके श्रावणात सबंध बसले. मग चौथे, म्हणजे लोकांचे राज्य आले. त्यांनी आत काहीच ठेविले नाही, दारी एक पाटी मात्र ठेविली की येथे कोणी काही ठेवू नये. गावकऱ्यांनी रस्त्याकडेस नवे चर्च बांधिले, आणि जुन्यात गुरे, पिंपळ आणि सिनेमातील नाचगाणी करणारे लोक वस्तीस आले. तरी गावची माणसे त्या पडक्या भिंतींस देऊळच म्हणत, आणि तेथून जाताना कपाळास हात लावीत.

आता कोंसूबाई कोण, ते ऐकावे. सोनचाफ्याची बाग एकटीने राखणारी, चाळिशी ओलांडलेली, हाताने कामसू आणि जिभेने त्याहून कामसू ऐसी बाई. जुजे तुस्कानो हे शेजारचे वाडीतले, फिडल वाजविण्यात नामांकित. गावात कोणाचेही लग्न असो, जुजे फिडल घेऊन पुढे, आणि इतक्यांची लग्ने त्यांनी इतक्या जवळून पाहिली की स्वतःच्या लग्नाचे नाव निघताच त्यांनी फिडलच्या तारा जुळवीत बसावे. प्रीती मात्र खरी होती. ऐन तारुण्यात, त्याच पडक्या चर्चात, पिंपळाखाली बसोन त्यांनी शब्द दिला होता की, "कोंसू, लग्न करीन तर तुझ्याशीच, आणि करीन तर इथंच, आपल्या देवळात. छप्पर तेवढं येऊ दे." कोंसूबाईंनी वर पाहिले तो वर चांदणे होते. त्या समयी त्यांस ते बोलणे फार गोड वाटले. मग वर्षे लोटली, धाकट्या पोरी मागून येऊन लग्ने करोन गेल्या, प्रत्येकीच्या वरातीत जुजे फिडल वाजवीत पुढे चालिले, आणि तेव्हा कोंसूबाईंस त्या गोड बोलण्यातील मेख दिसो लागली. त्यांनी विचारावे, "काय रे, कधी?" आणि जुजे यांनी हताश होऊन वर, नसलेल्या छपराकडे, बोट दाखवावे. छप्पर घालणे राज्याचे हाती. राज्याकडे बोट दाखवील त्यास कोण खोटे पाडणार?

ऐसे असता राज्याच्या मनात काय आले ते राज्यच जाणे. सांस्कृतिक खात्याच्या दरबारी मसलत भरली, आणि मसलतीत ठरले की जुन्या चर्चाचे नाट्यगृह करावे. मग बिगारी आले, आणि पिंपळ काढिला, गुरे काढिली, आणि वेदीच्या जागी रंगमंच केला, पाद्रीबाबांच्या कपड्यांची खोली होती तिचा रंगपट केला, गाणाऱ्यांच्या सज्ज्याची बाल्कनी केली, बाप्तिस्म्याच्या कुंडात आग विझविण्याची वाळू भरली, तांबड्या खुर्च्या मांडिल्या, आणि सर्वांवर मजबूत छप्पर घातले. छपराचा शेवटला पत्रा बसला त्या दिवशी गावात दोघेच जण रडले. कोंसूबाई आनंदाने रडल्या. जुजे यांनी कारण सांगितले नाही, म्हणाले डोळ्यात कचरा गेला.

नाट्यगृहाचे कारभारी म्हणोन वसंतराव हळबे या नावाचे गृहस्थ राज्याने पाठविले. माणूस सज्जन, नाटकाचा मोठा वेडा, तरुणपणी एका ऐतिहासिक नाटकात दुसऱ्या शिपायाचे काम केलेले, आणि ते अद्याप न विसरलेले. तिकिटे विकावयासी त्यांस जागा नव्हती, म्हणोन त्यांनी ते पापे सांगावयाचे लाकडी खोपटे निवडिले आणि जाळीच्या खिडकीआड बसो लागले. येथे घोटाळा जाहला. गावचे लोक तिकिटास येत, आणि जाळी दिसली की त्यांचे गुडघे आपोआप टेकत, आणि तोंड आपोआप उघडे, आणि मग शेजाऱ्याचा बांध कोरला, सासूस उलट बोललो, उपवासाचे दिवशी कोंबडी खाल्ली, ऐसे सर्व बाहेर पडे. हळबे भिडस्त. मध्येच कोणास थांबवावे कैसे? म्हणोन ते सर्व ऐकोन घेत, आणि ज्याचे पाप मोठे त्यास मागील रांग, ज्याचे लहान त्यास पुढील, ऐसी वहिवाट पडली, आणि पुढील रांगेत बसावयाचा मान गावात फार वाढला.

त्या खिडकीशी कोंसूबाई गेल्या, गुडघे टेकिले, आणि म्हणाल्या, "फादर, मी पाप केलंय. जुज्याचा गळा दाबावा असं मनात येतं."

हळबे सरावाने म्हणाले, "किती वेळा?"

"रोज. चहाच्या आधी एकदा, नंतर एकदा." मग भानावर येऊन त्या उठल्या आणि बोलिल्या, "अगं बाई, तुम्ही होय! साहेब, मला तिकीट नको, अख्खा हॉल पाहिजे. लग्न आहे."

हळबे यांनी मान हालविली आणि नियम सांगितला की, या वास्तूत केवळ सांस्कृतिक कार्यक्रम व्हावे. लग्न, मुंज, बारसे, बारावे आणि पक्षाचे मेळावे होऊ नयेत. कोंसूबाई म्हणाल्या, "हे देऊळ आमचं. माझ्या पणजीचं लग्न इथं लागलं." हळबे म्हणाले, "बाई, तेव्हा नियम नव्हता." हे वर्तमान जुजे यांस कळताच त्यांनी मोठा उसासा टाकिला, म्हणाले, "राज्यापुढं आपलं काय चालतंय?" आणि त्या सायंकाळी त्यांनी फिडलवर फार द्रुत लयीतील गत वाजविली. ती कोंसूबाईंनी कुंपणापलीकडोन ऐकिली आणि त्यांच्या जिवाचा संताप संताप जाहला. दुसरे दिवशी सकाळीच त्या पुन्हा हळबे यांचे दारी. "लग्न चालत नाही ना? मग नाटकात लग्न चालतं का?"

हळबे म्हणाले, "नाटकात काहीही चालते."

मग दोघांची मसलत जाहली. राज्याची नाट्यस्पर्धा त्याच महिन्यात त्याच नाट्यगृही भरावयाची होती, एका मंडळीच्या नायकास कावीळ होऊन त्यांची तारीख मोकळी जाहली होती, आणि दुसरी तारीख तर पुढील साल संपेपावेतो नव्हती. तेव्हा कोंसूबाईंचे लग्न हेच नाटक म्हणोन स्पर्धेत उतरवावे ऐसे ठरले. हळबे यांच्या अंगात तरुणपण संचारले. त्यांनी बसल्या बैठकीस संहिता लिहिली, तीस 'छप्पर' ऐसे नाव दिले, आणि नाटके तपासणाऱ्या मंडळाकडे धाडिली. मंडळाने विचारपूर्वक शेरे मारिले की, पाद्रीबाबांचे पात्र फार बोलते, त्यास आवरावे. 'मरण येईपर्यंत' हे शब्द कौटुंबिक प्रेक्षकांस जड वाटतील, तरी पाहावे. आणि नायक लगेच 'होय' म्हणतो, हे मनास पटत नाही. शेवटला शेरा वाचोन कोंसूबाई म्हणाल्या, "मंडळात शहाणी माणसं आहेत."

मात्र मंडळाने एक अट घातली, ती ऐसी की, या नाटकातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत, ऐसा कागद दोन्ही मुख्य पात्रांनी सही करोन द्यावा. कोंसूबाईंचा हात कागदावर थांबला. इतकी वर्षे ज्या गोष्टीसाठी वाट पाहिली ती काल्पनिक म्हणोन कैसे लिहावे? परंतु न लिहावे तर हॉल नाही, म्हणोन त्यांनी डोळे मिटोन सही केली. जुजे यांनी मात्र कागद ओढोन झपकन सही केली, आणि त्यांच्या तोंडावर तेज आले. ते तेज कोंसूबाईंनी पाहिले, परंतु त्या काही बोलिल्या नाहीत. त्या बोलिल्या नाहीत ऐसा प्रसंग गावाच्या इतिहासात विरळा.

गावचे पाद्री फादर बेर्नाद यांस सर्व सांगितले. त्यांनी बराच वेळ दाढी खाजविली आणि म्हणाले, "देऊळ ते देऊळ. ते देवाकडून परत घेतल्याचं मला कुणी कळवलेलं नाही. मी माझे शब्द खरेच म्हणेन, पुढं तुम्ही त्याला नाटक म्हणा नाहीतर दशावतार. पण ऐका दोघंही. लग्न माझ्या शब्दांनी लागत नाही, तुमच्या शब्दांनी लागतं. मनात होय असेल तर लग्न. मनात नसेल तर नाटक." जुजे यांनी मान डोलाविली, परंतु ती कोणत्या वाक्यास डोलाविली हे कळले नाही.

प्रयोगाचा दिवस उगवला. सारा गाव नवे कपडे घालोन, भेटवस्तू घेऊन, तिकिटे काढोन आत शिरला, आणि दारात प्रत्येकाने सवयीने क्रूस केला, आणि तिसरी घंटा होताच सवयीनेच उभा राहिला, तेव्हा परीक्षक चकित होऊन त्यांनी लिहिले की प्रेक्षकांचा रंगभूमीविषयी आदर अपूर्व. पडदा वर गेला. कोंसूबाई पांढऱ्या पोशाखात, डोकीस जाळीचा पदर, हाती सोनचाफा. फादर बेर्नाद यांनी जुजे यांस विचारिले की, हिचा स्वीकार करतोस काय? आणि जुजे गप्प. गप्प म्हणजे ऐसे गप्प की छपरावरील कबुतरांची पावले ऐकू यावी. आता हा काय करतो, आता हा कागदाकडे बोट दाखवितो, सर्व गावासमोर आपण हसे होतो, ऐसे कोंसूबाईंच्या मनात आले, आणि पदराआडोन त्या पुटपुटल्या, "बोल की रे मेल्या." त्या भिंती ऐशा बांधिलेल्या की वेदीपाशीचे कुजबुजणे शेवटल्या रांगेपावेतो जावे. सर्वांनी ऐकिले. परीक्षकांनी लिहिले, संवाद अत्यंत सहज. मग जुजे यांनी आवंढा गिळिला आणि म्हणाले, "होय." बारीक आवाजात म्हणाले, परंतु म्हणाले. पडदा पडला, आणि गावाने रंगमंचावर चढोन केक कापोन खाल्ला, आणि हळबे ओरडत राहिले की, "अहो, ते नेपथ्य आहे!"

मग फादरांनी लग्नाची नोंद करावी म्हणोन जुजे यांस बोलाविले. "जुजे, तू काल्पनिक म्हणून सही दिलीयस, आणि होय पण म्हणालायस. आता सांग. खरं कुठलं?" जुजे यांनी आपल्या पायांतील जोड्यांकडे पाहिले, म्हणाले, "फादर, स्पर्धेचा निकाल तर लागू दे. उगाच नाटक बाद व्हायचं." आणि फिडलची पेटी उचलोन आपले वाडीकडे निघोन गेले. कोंसूबाई पांढऱ्या पोशाखातच आपल्या घरी परतल्या, एकट्या. पोशाख काढोन घडी घालताना त्यांस हुंदका आवरेना. कुमारी म्हणवावे तर सर्व गावाने लग्नाचा केक खाल्लेला, बायको म्हणवावे तर नवरा पलीकडील वाडीत, ऐसी त्यांची गत जाहली, आणि बाजारात फुले विकताना कोणी हाक मारी ती अर्ध्यावर थांबे.

इतक्यात निकाल लागला. प्राथमिक फेरीत 'छप्पर' प्रथम. अंतिम फेरी याच नाट्यगृही, फाल्गुनात, आणि जुजे तुस्कानो यांच्या त्या गप्प राहण्याची कीर्ती दूरवर जाऊन, अभिनयाचे रुपेरी पदक त्यांसच मिळणार ऐसी बोलवा उठली. जुजे यांस आयुष्यात कोणी कशाचे पदक दिले नव्हते. त्यांनी आरशासमोर आवंढा गिळण्याचा सराव आरंभिला. फादर बेर्नाद यांनी मात्र स्पष्ट सांगितले की, "एकदा लागलेलं लग्न मी परत लावणार नाही, आणि न लागलेलं नाटकासाठी लावणार नाही." तेव्हा पाद्रीबाबांचे काम हळबे यांनी आपले शिरी घेतले, आणि झगा शिवावयास टाकिला.

अंतिम फेरीचे आदले सायंकाळी कोंसूबाई कुंपण ओलांडोन जुजे यांचे अंगणी गेल्या. जुजे म्हणाले, "कोंसू, उद्या पदक मिळालं की सगळं निवांत बघू." कोंसूबाई म्हणाल्या, "तुझ्या निवांतपणात माझे केस पिकले. आता ऐक. उद्या तो हळबे तुला विचारणार, मला पत्करतोस का. ज्याच्या हातून लग्न लागत नाही असा माणूस विचारणार. तू होय म्हटलंस, तर मी समजेन मागचंही होय तसलंच होतं. मग पदक घे, छान भिंतीला लाव, आणि माझ्या दारी परत येऊ नकोस. मी भांडणार नाही. भांडायला पण माणूस आपलं लागतं." इतके बोलोन त्या तैशाच माघारी फिरल्या. त्या रात्री जुजे यांच्या घरोन फिडल ऐकू आली नाही.

दुसरे दिवशी नाट्यगृह ओसंडोन वाहिले. राजधानीहून मोठे परीक्षक आले, खात्याचे मंत्री आले, फादर बेर्नाद साध्या कपड्यांत पुढील रांगेत बसले. पडदा वर गेला. हळबे झग्यात फार शोभले, दुसऱ्या शिपायाची सर्व भरपाई त्या दिवशी जाहली, आणि त्यांनी भरदार आवाजात विचारिले, "जुजे, या कोंसूचा तू स्वीकार करतोस काय?" जुजे गप्प. परीक्षकांनी लेखण्या सरसाविल्या, की हाच तो प्रख्यात विराम. कोंसूबाई पदराआड उभ्या, या वेळी काहीच पुटपुटल्या नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटिले.

जुजे म्हणाले, "साहेब, ते मी मागंच सांगितलंय."

हळबे दचकले. दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, होय म्हणा. स्पर्धा आहे."

"नाही म्हणत. इथंच, फादरांसमोर, हिला होय म्हणालोय मी. तुमच्यासाठी परत म्हटलं तर ते खोटं पडंल."

"जुजे, तुमचं वाक्य आहे हो ते!"

"वाक्य नव्हतं ते," जुजे म्हणाले. "भ्यालो होतो म्हणून थांबलो होतो. ह्या लोकांना वाटलं अभिनय. मला कुठला अभिनय येतोय? कोंसू, चल घरी."

त्या भिंतींनी प्रत्येक अक्षर शेवटल्या रांगेपावेतो पोहोचविले. कोंसूबाईंनी पदर मागे टाकिला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि तोंडाने मात्र, "इतकी वर्षं लावलीस रे गाढवा, इतकी वर्षं!" ऐसे म्हणत त्यांनी सोनचाफ्याचा गुच्छ जुजे यांच्या छातीवर आपटिला, आणि मग तेथेच डोके टेकोन रडल्या. पडदा पाडणाऱ्या माणसास काही कळेना, म्हणोन त्याने पडदा तैसाच ठेविला. दोघे रंगमंचावरोन उतरोन मधल्या वाटेने, प्रेक्षकांतून, मुख्य दारातून बाहेर पडले, जैसी नवपरिणीत जोडपी पूर्वापार पडत आली तैसी. गाव उभा राहिला. मंत्रीही उभे राहिले, कारण सर्व उभे होते. फादरांनी त्या सायंकाळी नोंद केली, आणि तारीख मार्गशीर्षातली घातली.

परीक्षकांचा कोप जाहला. त्यांनी 'छप्पर' बाद केले, पदक अन्य मंडळीच्या खलनायकास दिले, आणि खात्याने चौकशी करोन मोहोरेनिशी हुकूम काढिला. त्यात ऐसे लिहिले की, सदरहू प्रयोग हा नाटक नसोन खरोखरीचे लग्न होते, ही बाब निःसंशय शाबीत जाहली आहे. सबब कोंसू डाबरे व जुजे तुस्कानो यांनी सदरहू प्रयोग अथवा त्याची तालीम यापुढे राज्यात कोठेही, एकमेकांसमवेत अथवा अन्य कोणाही समवेत, करू नये. केल्यास कडक कारवाई केली जाईल.

एवंच, त्या वास्तूत एका राज्याने दारूगोळा ठेविला, एकाने मीठ ठेविले, एकाने खुर्च्या मांडिल्या, आणि नाटके तेथे अद्याप होतात, कित्येक बरी होतात. दोन तटांपैकी लग्न लागले म्हणणारा तट खरा. हुकूम आला तो जुजे यांनी ओटीवर बसोन दोन वेळा वाचिला आणि म्हणाले, "कोंसू, ह्यात तर म्हणतायत मला आता दुसऱ्या कुणाशी करताच येणार नाही." कोंसूबाई फुले ओवीत होत्या. त्या मान वर न करिता म्हणाल्या, "तालीमसुद्धा नाही. नीट वाच." जुजे यांनी तिसऱ्यांदा वाचिले. हे घडले तैसे लिहिले, आणि लेखणी पुसोन ठेविली.